दोनशे सेहेचाळीस पानांचा कॉम्प्युटर

१२ जानेवारी

ताई,

घरातली माणसं बरी आहेत. कॉम्प्युटर बरा नाही, म्हणून हे पत्र.

तू तीस वर्षं इस्पितळाच्या कॉम्प्युटर विभागात काढलीस, तेव्हा लक्षणं सांगतो, निदान तू कर. बटण दाबलं की तो आधी घसा खाकरतो. मग पंखा सुरू होतो आणि शेजारच्या काकू खिडकीतून विचारतात, "मास्तर, मिक्सर लावलात का?" मग एक निळी पट्टी इकडून तिकडे सरकत राहते. तेवढ्यात मी दाढी करतो, आंघोळ करतो, पेपर वाचतो. परत येतो तेव्हा तो तयार असतो, पण मला जेवायला हाक आलेली असते. तारीख दर वेळी चौदा वर्षं मागची दाखवतो. त्याच्या हिशेबाने मी अजून पंचेचाळीसचा आहे. तेवढ्या एका बाबतीत त्याला सुधारायची मला घाई नाही.

लाजेची गोष्ट म्हणजे माझा धंदाच हा. आमच्या शिवणकाम केंद्रात कुणी बाई शिवणयंत्र घेऊन आली की मी चाक एकदा फिरवतो, कान देतो आणि सांगून टाकतो, "याला अजून दहा वर्षं काही होत नाही," नाहीतर, "बाई, यावर आता फुलदाणी ठेवा." दोन मिनिटं लागतात. स्वतःच्या टेबलावरच्या यंत्रापुढे मात्र चार वर्षं घेऊ का नको करत बसलोय. तुझी भावजय म्हणते, लग्नाला होकार देताना एवढा वेळ घेतला नव्हतात. मग थोडं थांबून म्हणाली, घ्यायला हवा होता.

प्रश्न पुस्तकाचा आहे. मोठ्या मिस्त्रींनी मला यंत्रदुरुस्तीचं जे जे शिकवलं ते सगळं त्यात यायचंय, हे तुला माहीतच आहे. अकरा वर्षं झाली, दोनशे बारा पानं झाली. मिस्त्री आता शहाऐंशीचे आहेत. दिसत जवळजवळ नाही. मी रविवारी गेलो की पायरीवरच विचारतात, "किती झाली?" मी आकडा सांगतो. ते मान डोलावतात आणि सुनेला चहा टाकायला सांगतात. अशा गतीच्या कॉम्प्युटरवर मी पुस्तक कसं संपवू? नवा घ्यावा म्हटलं तर जुन्यातलं सगळं नव्यात नीट जाईल का, ही धास्ती.

फोन का केला नाहीस असं विचारशील. तूच एकदा म्हणाली होतीस की फोनवर मी विषय बदलतो.

तुझा
ठोंब्या


२५ जानेवारी

ठोंब्या,

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा बहीण म्हणून, एकदा दुरुस्तीवाली म्हणून. बहिणीला तू वाळलेला वाटलास. दुरुस्तीवालीला तुझा कॉम्प्युटर अजून टिकेल असं वाटतं.

तारीख मागे जाते कारण आत नाण्याएवढी एक बॅटरी असते, ती संपली आहे. घड्याळाच्या दुकानात मिळेल. लावलीस की एका क्षणात एकोणसाठ वर्षांचा होशील, त्याची मनाची तयारी ठेव. पंखा ओरडतो कारण त्यात चौदा वर्षांची धूळ आहे. वीज बंद कर, वायर काढ, बाजूचा पत्रा उघड आणि मऊ ब्रशने साफ कर. फुंकर मारू नकोस. तुझ्या फुंकरीत चहा असतो.

यंत्र कधी बदलायचं ते मी विभागात नव्या लोकांना असं सांगायची: काम होत नसेल, किंवा सुटा भाग मिळत नसेल, तर बदला. आणि तिसरी गोष्ट मी पहिली विचारायची. आत जे आहे त्याची प्रत दुसरीकडे आहे का? म्हणून तुलाही विचारते. त्या दोनशे बारा पानांची प्रत काढली आहेस का? नसेल तर आज काढ, पेन ड्राइव्हमध्ये घाल आणि मला पाठव. मला वाचायचंही आहे. आईचं शिवणयंत्र माझ्याकडे आहे आणि ते माझ्याशी नीट वागत नाही.

नवा एवढ्यात घेऊ नकोस. पंखा साफ केलास की काय फरक पडला ते सविस्तर लिही. सविस्तर म्हणजे आवाज कसा, किती वेळ, सगळं.

ताई


१८ फेब्रुवारी

ताई,

शस्त्रक्रिया झाली. रोगी वाचला, डॉक्टर जखमी आहे.

पत्रा उघडताना बोट कापलं. आत बघितलं तर धूळ नव्हतीच, राखाडी रंगाची गोधडी होती. तिच्यात एक मेलेलं झुरळ, एक सेफ्टी पिन आणि माझं सहा वर्षांपूर्वी हरवलेलं शर्टाचं बटण. ते आत कसं गेलं हे तुझ्या विज्ञानाने सांगावं. ब्रश म्हणून मी कपाटातला एक छान मऊ ब्रश घेतला. तो तुझ्या भावजयीचा चेहऱ्याला लावायच्या पावडरीचा निघाला. त्या दिवशी दुपारी घरात फक्त पंखा बोलत होता, तोही हळू.

आवाज आता मिक्सरसारखा येत नाही, लांबून ट्रक चढ चढतोय असा येतो. सुरू व्हायला एक दाढी लागते, आंघोळ वाचली. तारीख बरोबर झाली आणि मी खरंच त्या दिवशी थोडा वाकून चाललो.

प्रत काढायची राहिली. पेन ड्राइव्ह घेतो घेतो म्हणतोय. शिवाय मजकूर अजून कच्चा आहे, तुला असं अर्धवट दाखवायला बरं वाटत नाही.

इकडे एक भानगड झाली आहे. जूनमध्ये केंद्राला पन्नास वर्षं होतात. मुख्य बाईंनी मोठ्या मिस्त्रींना पहिल्या रांगेत बसवायचं ठरवलं आहे आणि त्या दिवशी मी पुस्तकातली काही पानं सगळ्यांसमोर वाचायची, असं मिस्त्रींनीच परस्पर सांगून टाकलं. मी रविवारी गेलो तर म्हणाले, "किती झाली?" मी म्हणालो दोनशे तीस. म्हणाले, "मग त्यातली दहा वाचायला काय हरकत आहे?" त्यांच्या सूनबाई चहा देता देता माझ्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, "मास्तर, बाबा हल्ली येणाऱ्याजाणाऱ्याला तुमचाच आकडा सांगतात."

आता तू म्हणशील तर जूनच्या आधी नवा कॉम्प्युटर घेतो. पण तू टिकेल म्हणालीस, म्हणून थांबलोय. तुझ्या शब्दाबाहेर मी कधी गेलो आहे?

तुझा
ठोंब्या


३ मार्च

ठोंब्या,

चौथीत असताना मी नको सांगितलेल्या झाडावर तू चढला होतास आणि तुला उतरवायला शिडी आणावी लागली होती. माझ्या शब्दाबाहेर जाण्याबद्दल एवढंच बोलते.

पावडरीचा ब्रश वाचून इतकी हसले की वरच्या मजल्यावरच्या बाई खाली बघायला आल्या. तिला नवा ब्रश आणून दे.

आता ऐक. चढ चढणाऱ्या ट्रकचा आवाज पंख्याचा असेल तर ठीक. पण मधूनच टिक, टिक, आणि मग एक लांब टिक असं ऐकू आलं, तर ती हार्ड डिस्क आहे. फाईली तिच्यातच असतात. तसं ऐकलंस तर लगेच बंद कर आणि परत चालू करून बघू नकोस. सगळे लोक परत चालू करून बघतात.

प्रत. कच्चा मजकूर असो, शिजलेला असो. प्रत काढ.

नवा घेण्याची घाई नाही. तू लिहीत राहा, मी सांगत राहते.

ताई


९ एप्रिल

ताई,

गेला.

गेल्या मंगळवारी सकाळी टिक झालं. मग टिक. मग लांब टिक. मी परत चालू करून बघितला. पडद्यावर पांढऱ्या अक्षरात एक ओळ आली, तिचा अर्थ एवढाच की मला काही सापडत नाही. नंतर तेही म्हणेना.

दोनशे सेहेचाळीस पानं, ताई. सगळी त्यात होती. तू दोन पत्रांत सांगितलंस प्रत काढ आणि मी काढली नाही. माझ्यासारखा ठोंब्या मीच.

बातमी केंद्रात पोचली तेव्हा काय झालं म्हणून सांगू. शिवणवर्गातल्या बाया दोघी दोघी करून भेटायला आल्या, जसं घरात कुणी गेल्यावर येतात. एक जण माझा हात धरून म्हणाली, "मास्तर, डोक्यात आहे ना सगळं? मग झालं." मुख्य बाईंनी मला दोन दिवस तास घेऊ नका म्हणून सांगितलं. मी हळू आवाजात बोलायला लागलो. खरं सांगायचं तर दुसऱ्या दिवशीपासून मला ते जरा आवडायलाही लागलं.

मिस्त्रींना मीच जाऊन सांगितलं. ते पायरीवर टेकले. मग विचारलं, "खालच्या धाग्याच्या शटलचं प्रकरण होतं त्यात?" म्हटलं, होतं. म्हणाले, "ते नीट झालं होतं का?" म्हटलं, फार नीट झालं होतं. त्यांनी चहा सांगितला नाही.

तर आता नवा घ्यायला हरकत नाही, नाही का? जुना पुढच्या आठवड्यात भंगारवाल्याला देऊन टाकतो. डोळ्यांसमोर नको.

तुझा
ठोंब्या


१३ एप्रिल

ठोंब्या,

भंगारवाल्याला काही देऊ नकोस. डिस्क बंद पडली म्हणजे आतलं पुसलं गेलं असं होत नाही. विभागात मी यापेक्षा वाईट अवस्थेतल्या डिस्का बोलत्या केल्या आहेत.

बाजूचा पत्रा काढ. चपटी, डब्यासारखी, तळहाताएवढी वस्तू दिसेल. तिचे चार स्क्रू, दोन वायरी. काढ, स्पंजमध्ये गुंडाळ, खोक्यात घाल, पाठव. तुझं पुस्तक मी बाहेर काढते. अकरा वर्षांची मेहनत अशी जाऊ द्यायची नाही.

ताई


२९ एप्रिल

ताई,

तुझं पत्र येऊन दोन आठवडे झाले. मला वाटलं, तू निवृत्त झालेली, तुला कशाला या वयात त्रास. वाटलं, आठवणीतून पुन्हा लिहीन, ते जास्त चांगलं होईल. स्क्रूसुद्धा गंजलेले दिसत होते.

काल कळलं की तुझ्या भावजयीने ते पत्र वाचून, माझाच पेचकस घेऊन, चारही स्क्रू काढून डिस्क गेल्या सोमवारीच तुला पाठवली आहे. मला म्हणाली, "तुम्ही इतके खचलेले, मला बघवेना. म्हटलं, मिळालं की एकदम हातात देऊ." गंजलेले नव्हते म्हणे.

ताई, ती डिस्क फार खराब झालेली असणार. काही निघालं नाही तर मनाला लावून घेऊ नकोस. खरं तर उघडायच्या भानगडीतच पडू नकोस.

ठोंब्या


२० मे

ठोंब्या,

डिस्क उघडली. सगळं निघालं.

घरी जमेना म्हणून जुन्या विभागात घेऊन गेले. दारावरच्या नव्या माणसाने विचारलं, "आजी, कोणाला भेटायचंय?" त्याबद्दल नंतर लिहिते.

तुझ्या पुस्तकाच्या एकेचाळीस फाईली आहेत. सगळ्या उघडून पाहिल्या. बावीस फाईलींत फक्त मुखपृष्ठ आणि तुझं नाव आहे, वेगवेगळ्या आकारात. अकरांत अर्पणपत्रिका आहे. पहिली मिस्त्रींना, चौथी माझ्या भावजयीला, आणि आठवी मला आहे, ती वाचून बरं वाटलं. नववीत तू मला काढलंस. प्रस्तावना पाच आहेत. एका फाईलमध्ये तुझा हनुवटीवर हात ठेवलेला फोटो आहे. आणि एकीत अनुक्रमणिका आहे, ती मात्र पूर्ण आहे. पानांचे आकडेसुद्धा घातलेत. शटलचा वेळ चुकणे, पान एकशे सत्याऐंशी. मी पान एकशे सत्याऐंशी शोधत दहा मिनिटं घालवली.

पत्त्यांच्या खेळात तू जिंकलेले डाव चार हजार एकशे सहा आहेत. हे कॉम्प्युटर आपोआप मोजतो, तुला कदाचित माहीत नसेल.

राहिली एक फाईल. तिच्यात सव्वा पान आहे, धागा का तुटतो यावर. त्यात लिहिलंय की सुई उलटी बसली नाही ना बघा, मग धागा काढून परत ओवा, मग वरचा ताण कमी करा. मी वाचलं, उठले, आईच्या यंत्राचं कव्हर काढलं आणि तसंच केलं. पाच बोटं शिवण नीट झाली. मग परत तुटला. परत येऊन वाचलं तर तुझं शेवटचं वाक्य आहे, "आणि इतकं करूनही धागा तुटत असेल तर". पुढे काही नाही. ठोंब्या, माझा धागा अजून तुटतोय. पुढे काय?

मी तुझ्यावर रागावले आहे, पण मला रागवायचा फारसा अधिकार नाही. तू जानेवारीत लक्षणं लिहिलीस तेव्हाच मला कळलं होतं की हा कॉम्प्युटर बदलायला झाला आहे. चौदा वर्षं, तो पंखा, ती गती. विभागात कुणी असं सांगितलं असतं तर मी चहा संपायच्या आत सांगितलं असतं, नवा घ्या. तुला नाही सांगितलं. निवृत्त होऊन दीड वर्ष झालं. एवढ्या काळात मला काही विचारणारा तू एकटा. म्हटलं, याने नवा घेतला तर हा कशाला पत्रं लिहील? म्हणून बॅटरी, मग ब्रश, मग टिकटिक. तुझा कॉम्प्युटर मीच चालता ठेवला. आणि त्या नादात डिस्क गेली. त्यात खरंच पुस्तक असतं तर मी स्वतःला कधी माफ केलं नसतं. नव्हतं, हे तुझे माझ्यावर उपकारच म्हणायचे.

मिस्त्रींना काय सांगणार आहेस?

ताई


३ जुलै

ताई,

तुझं पत्र मी केंद्राच्या भांडारात, दाराला कडी लावून वाचलं. मग एका मोडक्या यंत्रावर बराच वेळ बसून राहिलो. चार हजार एकशे सहा हा आकडा मला खरंच माहीत नव्हता.

का नाही लिहिलं ते सांगतो. पहिल्या वर्षी मी धाग्याने सुरुवात केली, सोपं म्हणून. सव्वा पान झपाट्याने झालं. मग "इतकं करूनही धागा तुटत असेल तर" लिहिलं आणि पुढचं आठवेना. माझ्यापुढे यंत्र ठेवलं तर माझा हात बरोबर जागी जातो. कागद ठेवला तर काही नाही. तेव्हा कळलं की हे सगळं माझ्या हाताला येतं, मला येत नाही. मिस्त्रींना विचारायचं तर लाज, कारण त्यांनी ते मला दोनदा सांगितलं होतं. मग म्हटलं, तोवर प्रस्तावना लिहू. मग कॉम्प्युटर हळू चालायला लागला आणि मला इतकं हायसं वाटलं. कुणी विचारलं की त्याच्याकडे बोट दाखवायचं. नवा घेतला असता तर बोट दाखवायला कोण उरलं असतं?

तुझं पत्र आल्यानंतरच्या रविवारी मिस्त्रींकडे गेलो. "काही निघालं का डिस्कमधून?" त्यांनी विचारलं. ते कुणी सांगितलं होतं देव जाणे, बहुतेक तुझ्या भावजयीने. म्हटलं, "मिस्त्री, सगळं निघालं. सव्वा पान आहे."

"बाकीचं?"

"बाकीचं कधी नव्हतंच."

त्यांना आधी समजलं नाही. मी पुन्हा सांगितलं. मग ते म्हणाले, "म्हणजे मी अकरा वर्षं बोलत होतो ते?"

मग तेच पुढे म्हणाले,

"तू लिहून घेतोयस म्हणून मी दुसऱ्या कुणाला सांगितलं नाही. केंद्रातली ती दोघं जणं येत होती शिकायला. मी त्यांना म्हणालो, पुस्तक येतंय, त्यात बघा."

ताई, मला वाटत होतं की मी फक्त स्वतःची फजिती लपवतोय. त्या दोघांना मी ओळखतो. एकाने आता रंगाचं दुकान टाकलं आहे.

मिस्त्री उठून आत गेले, भिंत चाचपत. मी मदत करायला गेलो तर हात झटकला. पुढचे दोन रविवार सूनबाईंनी दारातच सांगितलं, "आज नको, मास्तर." दुसऱ्या रविवारी म्हणाल्या, "तुम्ही आला होतात हे सांगते त्यांना." मी म्हटलं, सांगा.

मग तो पन्नास वर्षांचा कार्यक्रम. माझं नाव पुकारलं. पुस्तक हरवलं हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून दोन शब्द बोला म्हणाले. मी उभा राहिलो आणि म्हणालो, पुस्तक हरवलेलं नाही. ते मी लिहिलंच नाही. अकरा वर्षं मी पत्ते खेळलो. लोक हसले. मी म्हणालो, खरंच सांगतोय, अनुक्रमणिका आहे आणि माझा फोटो आहे, मधलं काही नाही. आणखी हसले. मुख्य बाई डोळे पुसत म्हणाल्या, "एवढं नुकसान होऊन हा माणूस विनोद करतो." मग टाळ्या. ताई, आयुष्यात पहिल्यांदा मी भर सभेत खरं बोललो आणि त्यासाठी मला शाल मिळाली.

पहिल्या रांगेत एक माणूस हसत नव्हता. कार्यक्रम संपल्यावर त्यांच्याजवळ गेलो. पाया पडलो. विचारलं, "मिस्त्री, सुई बघितली, पुन्हा ओवलं, ताण सैल केला, तरी धागा तुटत असेल तर काय करायचं?"

ते माझ्या आवाजाकडे वळले. मग म्हणाले, "सुई जिथून खाली जाते त्या पट्टीच्या भोकावरून नख फिरव. खरखरीत लागलं तर तिथे सुईने कधीतरी टोचा मारलाय. बारीक पॉलिशपेपरची वळकटी करून भोकात फिरव. हे तुला तिसऱ्यांदा सांगतोय." आणि उठता उठता, "गुरुवारी तीन वाजता ये. वही आण."

तेव्हा ताई, नख फिरवून बघ आणि कळव.

तू लिहिलंस त्यावर मी काय बोलू? एक मालक होता, तो पत्ते खेळायचा. एक डॉक्टरीण होती, तिला रोगी हवा होता. बिचाऱ्या यंत्राने दोघांचं ऐकलं.

ठोंब्या


१५ जुलै

ठोंब्या,

नख फिरवलं. खरखरीत होतं. पॉलिशपेपर फिरवला. काल उशीचे तीन अभ्रे शिवले, त्यातला एक चौकोनी झाला आहे. धागा तुटला नाही. मिस्त्रींना सांग.

कॉम्प्युटर घेऊ नकोस. या वेळी हे मी माझ्यासाठी सांगत नाही. तुझ्या हातात नवं यंत्र आलं की तू आधी बेचाळिसावी फाईल करशील. वहीतच लिही. जेव्हा वही पुरी पडेनाशी होईल तेव्हा कारणासहित लिही, मग बघू.

दारावरच्या त्या माणसाला मी दुसऱ्या दिवशी जाऊन त्याचा मोबाईल दुरुस्त करून दिला. आता तो मला मॅडम म्हणतो. मीही काही कमी नाही.

ताई


२६ सप्टेंबर

ताई,

कारणासहित लिहितोय.

अकरा गुरुवार झाले. मिस्त्री समोर यंत्र ठेवून घेतात. मी हाताने करतो, ते कानाने ऐकतात, आणि हात थांबला की म्हणतात, "आत्ता काय केलंस ते सांग." मी सांगतो. ते म्हणतात, "असं नाही केलंस." मग पुन्हा. जे सांगता येतं ते वहीत जातं. चौतीस पानं झाली आहेत. हा आकडा तुझ्या भावजयीने मोजून खाली सही केली आहे. माझ्या आकड्यावर आता या घरात कुणाचा विश्वास नाही.

अडचण अशी. गेल्या गुरुवारी मिस्त्री म्हणाले, सूनबाई, आत्तापर्यंतचं मला वाचून दाखव. सूनबाईंनी वही घेतली, डोळ्यांजवळ नेली, लांब नेली आणि म्हणाल्या, "मास्तर, हे तुम्ही तेलाच्या हाताने लिहिलंय का?" लिहिलं होतंच. मग मी वाचायला बसलो तर नऊ ठिकाणी मलाही लागलं नाही. मिस्त्री म्हणाले, "टाईप करून आण. मला सगळं ऐकायचंय." शिवाय केंद्रातून चार जण यायला लागलेत, त्यांत ते रंगाच्या दुकानवालेही आहेत, दुकान बंद करून येतात. त्यांना प्रती हव्यात.

पहिल्या पानावर मिस्त्रींनी चार चुका काढल्या. म्हणाले, हे लिहिणाऱ्याने यंत्राला कधी हात लावलेला दिसत नाही. मी म्हटलं, मी दुरुस्त करतो. म्हणाले, ते दिसेलच.

ताई, मला वाटतं आता खरंच कॉम्प्युटर हवा आहे. पण माझ्या वाटण्याचा इतिहास तुला माहीत आहे. तू सांग.

तुझा
ठोंब्या


४ ऑक्टोबर

ठोंब्या,

बदलायची वेळ झाली. काम आहे, आणि ते जुन्यावर होणार नाही. एवढं एकच कारण पुरतं, बाकीची आपण दोघांनी वापरून संपवली.

मात्र तू एकटा दुकानात जाऊ नकोस. तिथला माणूस जे म्हणेल त्याला तू हो म्हणशील आणि मग चार वर्षं मला लक्षणं लिहिशील. मी येते. पंधरा दिवस राहीन. कॉम्प्युटर घेऊ, लावू, पत्त्यांचा खेळ आधी काढून टाकू. रोजच्या लिहिण्याची प्रत आपोआप दुसरीकडे जाईल अशी सोय करून देते. टाईप करायला तुझी भावजय तयार असेल तर तिलाही शिकवते, स्क्रू तिला आधीच येतात.

सोळा तारखेला दुपारी अडीचच्या गाडीने पोचते. घ्यायला येऊ नकोस, पत्ता मला पाठ आहे. त्या दिवशी गुरुवार आहे.

ताई